दोन जास्तीच्या खुंट्या

फुलसिंग मिस्त्रीने पत्र्याची पट्टी तिरकी धरून भिंतीवरून ओढली तसा चुन्याचा पाचवा थर सुटून खाली पडला, आणि आतून भिंत काळी निघाली. त्याने त्यावर बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं, पट्टी घमेल्यात टाकली आणि हाक मारली.

"ताई, इकडं या बरं. हे पाहा काय निंगालं."

निशिगंधा हातातला नकाशा गुंडाळत आली. झरोक्याच्या खाली, गुडघ्यापासून छातीपर्यंत, काळा डाग वर वर रुंदावत गेला होता.

"ओल आहे का?"

"ओल कायची? काजळी हाये. चुलीची."

"जिनिंगमध्ये चूल?" ती हसलीच. "मिस्त्री, माझ्या बाबांसमोर हे बोलू नका. उद्यापासून फाटकाच्या आत घेणार नाहीत तुम्हाला."

"मी तांड्यावरचा मानूस, ताई. चुलीची काजळी मले वळखू येत नाई काय?"

तेवढ्यात दारात जेवणाचा डबा वाजला. विमलताई कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या ते दोघांनाही कळलं नव्हतं. त्यांनी भिंतीकडे पाहिलं, डबा जमिनीवर ठेवला आणि पदर तोंडाला लावला. सत्तरीच्या बाईचा चेहरा पाहता पाहता बोरं चोरताना सापडलेल्या पोरीसारखा झाला.

"मिस्त्री, आजच्या आज चुना मारा त्याच्यावर," त्या म्हणाल्या. मग लेकीकडे वळून हळूच म्हणाल्या, "अन् निशू, बाबाले सांगू नको."

बाबा म्हणजे पुंडलिकराव. उमरखेडच्या बाहेरची ही कापसाची जिनिंग चालू होती तोवर तिचे चौकीदार, आणि ती बंद पडून वीस वर्षं झाली तरी आपल्या लेखी अजूनही चौकीदारच. त्यांच्या फाटकाचा एकच नियम होता. बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा ते आत जाणाऱ्या प्रत्येकासमोर धरत आणि त्यात बिडी, तंबाखूची चंची, काड्यापेटी, जे असेल ते ठेवून मगच आत जायचं. सुटी झाली की ज्याचं त्याला परत. मालकाच्या जावयाने एकदा लायटर द्यायला नकार दिला, तर त्याला तासभर गाडीत बसवून ठेवलं होतं. शेवटी सासऱ्यानेच येऊन जावयाचा खिसा रिकामा केला. "अडतीस वर्सांत एक काडी आत गेली नाई," असं पुंडलिकराव सांगायचे, आणि हे वाक्य त्यांनी ज्याला सांगितलं नाही असा माणूस आसपास उरला नसावा.

जिनिंगच्या जागेचे प्लॉट पडले तेव्हा मधला, सरकी काढायच्या यंत्रांचा म्हणजे रेच्यांचा हॉल कोणालाच नको होता. एवढा लांबलचक, दगडी भिंतींचा, सागवानी खांबांचा हॉल पाडायचा म्हटलं तरी डोकेदुखी. तो निशिगंधाने घेतला. जुन्या इमारतींची राहती घरं करून द्यायची, हेच तिचं यवतमाळला काम होतं. कोणाचं धान्याचं गोदाम, कोणाची बंद पडलेली तेलघाणी. लोकांसाठी केलं तसं एक स्वतःसाठी करायचं, आणि तेही ज्या जागेत आपण पाळण्यात निजलो तिथे, हे तिने केव्हापासून मनात धरलं होतं. लग्नाचा विषय निघाला की ती लगेच मोजायची टेप उलगडायला घ्यायची, म्हणून हल्ली तो विषय कोणी काढत नव्हतं.

घर सुंदर होत होतं, यात शंका नव्हती. जमिनीवर चोवीस रेच्यांच्या पायांच्या खुणा तिने पुसू दिल्या नव्हत्या. छपरात काच बसवली होती, त्यामुळे सकाळी दहाच्या सुमाराला उन्हाचा एक लांब पट्टा जमिनीवरून सरकत जायचा. रुई जिथे साठवत त्या खोलीत आईबाबांची निजायची खोली. रेच्यांचे सागवानी पाट पुस्तकांच्या मांडण्या झाले होते. अडलं होतं ते फक्त स्वयंपाकघर.

"चूल फाटकाबाहेर करा," पुंडलिकराव म्हणाले होते. "टीन टाका अन् तिथं रांधा. आत जाळ नाई पाह्यजे."

"बाबा, गॅस आहे. चूल नाही."

"गॅस काय थंडा जळते काय?"

"आणि पावसाळ्यात मायनं ओलं होत बाहेर रांधायचं? तिचे गुडघे पाहता ना तुमी?"

 ज्या दिवशी गॅसचं सिलिंडर आत गेलं त्या दिवसापासून त्यांनी हॉलमध्ये पाऊल टाकलं नाही. वेल्डिंगवाल्याला तर त्यांनी फाटकाबाहेर रस्त्यावरच काम करायला लावलं. बिचारा जाळ्या उचलून आत नेताना घामाघूम झाला. आणि मग एक दिवस जेवताना त्यांनी सांगून टाकलं की, तुम्ही दोघी खुशाल आत राहायला जा, मी इथे चौकीतच राहतो.

विमलताईंना हे लागलं. फार लागलं. फाटकाजवळच्या त्या एका खोलीत त्यांचा सगळा संसार झाला होता. पुंडलिकरावांनी रात्रपाळी कायमची मागून घेतली होती. सकाळी रेजा, म्हणजे रेच्यांवर कापूस टाकणाऱ्या बाया, कामावर आल्या की त्यांच्या काड्यापेट्या डब्यात घ्यायच्या आणि मग झोपायला जायचं. त्याच वेळी विमलताई इतर रेजांबरोबर आत जायच्या. एक उठला की दुसरा निजायचा. सत्तेचाळीस वर्षांच्या संसाराला एक बाज पुरली होती, ती यामुळेच. जिनिंग बंद पडल्यावरही पुंडलिकराव रात्रभर फाटकाशी खुर्ची टाकून बसत. सवय, दुसरं काय.

"मले वाटलं होतं," त्या लेकीला म्हणाल्या, "आता तरी आमी दोघं एका येळी निजू, एका येळी उठू. म्हातारपनी का होईना. दुसरं मी काई मागितलं काय कधी?"

 पंधरा दिवसांनी वास्तुशांत होती.

काजळी निघाली त्या दुपारी, मिस्त्री जेवायला गेल्यावर, विमलताई त्या छोट्या खोलीत भिंतीला टेकून बसल्या. सगळी गोष्ट त्यांनी चुना कालवलेल्या घमेल्याकडे पाहत सांगितली.

"हे पोरं ठेवाची खोली होती. रेजांची लेकरं इथं. तू आठ मयन्याची होती अन् तुले थंडं दूध पचेच ना. हिवाळ्याचे दिवस. रडून रडून निळी पडत होती. मंग नलूनं आयडिया काढली. तीन विटा मांडल्या, कापसाच्या पऱ्हाट्या घेतल्या. पऱ्हाटी वाळली राहिली का धूर कमी करते."

"आणि काड्या? डबा होता ना बाबांचा फाटकात?"

विमलताईंनी डोक्याला हात लावला. "अंबाड्यात. दोन काड्या अन् पेटीच्या बाजूचा तुकडा. बाईच्या अंबाड्यात हात घालाची तुह्या बापाची काय बिशाद होती?"

निशिगंधा इतकी हसली की तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला. हसता हसता डोळ्यात पाणी आलं, ते सगळंच काही हसण्याचं नव्हतं.

"रोज?"

"रोज. साडेदहाच्या सुटीत. तुह्यानंतर नलूचा पोरगा, मंग कोकिळाच्या दोघी पोरी, मंग बसंतीचा. पंधरा हिवाळे गेले. पन एक डाव बी दूध उतू जाऊ देलं नाई. वर आलं का उचलाचं. जळक्या दुधाचा वास सुटला असता तं मुकादम धावत आला असता. तुहा बाप तवा झोपलेला राहे, म्हनून जमलं बाई." त्यांनी पुन्हा भिंतीकडे पाहिलं. "त्याले समजलं तं काय वाटन? एक काडी आत गेली नाई म्हनते तो. अन् घरातल्याच बाईनं रोज दोन नेल्या."

त्याच संध्याकाळी चुना लागला. आणि निशिगंधाने ठरवलं की स्वयंपाकघर इथेच. धूर बाहेर काढायला बायांनी जागा अचूक निवडली होती. झरोका मोठा करून तिने खिडकी केली, तिच्यासमोर ओटा घातला. मागची झुडपं तोडून झाल्यावर ती बाहेरून भिंत पाहायला गेली, आणि नकाशात तिथल्या दोन खुंट्यांपाशी तिनेच काढून ठेवलेलं प्रश्नचिन्ह तिला आठवलं.

हॉलच्या चार दारांशी दोन दोन अशा आठ लोखंडी खुंट्या होत्या. आग लागलीच तर हाताशी असाव्यात म्हणून वाळूच्या बादल्या त्यांवर टांगलेल्या असायच्या. त्या तिने नकाशात लाल टिंबांनी दाखवल्या होत्या. पण या मागच्या भिंतीत, जिथे दार नाही, साधी पायवाटही नाही, तिथे खिडकीच्या दोन्ही बाजूंना एक एक खुंटी होती. गवंड्याने ठोकलेली वाटत नव्हती. थोडी वाकडी होती, घरच्या हाताची.

"तिथं?" तिने विचारल्यावर विमलताई म्हणाल्या. "तिथं तं नुसत्या बाभळी होत्या. तिथं कोन कायले बादल्या टांगन?"

दुसऱ्या दिवशी निशिगंधा वडिलांकडे चौकीत गेली. ते खुर्चीत बसून गुडघ्याला तेल चोळत होते.

"बाबा, कापूस कुठं आहे आता आत? जळायला आहे काय?"

त्यांनी तेलाची बाटली बंद केली, काठी घेतली आणि हॉलच्या बाहेरच्या खांबाशी तिला घेऊन गेले. खांबाच्या चिरेत नख घालून त्यांनी चिमूटभर काहीतरी ओढून काढलं आणि तिच्या तळहातावर ठेवलं. रुई होती. पिवळी पडलेली, तेलकट.

"साठ वर्साची हाये. लाकडालाकडात बसली हाये. फुलझडीसारखी पेटते, मालूम हाये?"

तिला वडिलांचा राग आला, आणि त्याच क्षणी मायाही दाटून आली. म्हातारा हट्टी होता पण चुकत नव्हता. तिने चार दिवस काम थांबवलं. व्हॅक्यूम मशीन मागवलं, तारेचे ब्रश आणले, फुलसिंग मिस्त्री आणि ती स्वतः शिडी लावून एकेक तुळई, एकेक सांधा साफ करत गेली. अडीच पोती रुई आणि धूळ निघाली. ती पोती तिने फाटकावर नेऊन वडिलांसमोर उघडली.

पुंडलिकरावांनी आत हात घालून पाहिलं. "बरी निंगाली."

"मग? आता याल ना आत?"

त्यांनी पोत्याचं तोंड आवळून बांधलं.

"तवा मी उभा राहो, निशू. आता हे पाय तं असे झाले. आता कोन उभं राहीन?"

ते फाटकावर उभं राहण्याबद्दल बोलत आहेत असं तिला वाटलं. "आता उभं राहायची गरज नाही बाबा," एवढंच ती म्हणाली. त्यांनी मान हलवली, ती होकाराची होती की नकाराची ते मात्र कळलं नाही.

वास्तूच्या दिवशी फार लोक नव्हते. भटजी सकाळीच पूजा आटोपून दुसऱ्या घरी गेले होते. साडेदहाच्या सुमाराला नलू, कोकिळा आणि बसंतीबाई आल्या. तिघीही आता म्हाताऱ्या, एकमेकींना धरून चालणाऱ्या. फाटकाशी येताच तिघी आपसूक थांबल्या. पुंडलिकरावांनी बिस्किटांचा डबा पुढे केला. बसंतीबाईने कमरेची बिडी आणि काड्यापेटी मुकाट्याने डब्यात टाकली. कोकिळाचा हात अंबाड्याकडे गेला आणि ती इतकी लाजून हसली की नलूने तिला कोपर मारलं. पुंडलिकराव तोंड फिरवून रस्त्याकडे पाहत राहिले.

स्वयंपाकघरात ओट्यावर नवी शेगडी, शेगडीवर पितळी पातेलं, पातेल्यात दूध. बटण फिरवलं की पेटणारी शेगडी होती, पण विमलताईंनी लेकीचा हात धरला.

"पहिला जाळ काडीनं. बटनाचा नाई."

काडी मात्र घरात एकही नव्हती. देवापाशी ठेवलेली समई भटजींनी फाटकाबाहेरच पेटवून आत आणली होती आणि जाताना आपली पेटी ते घेऊन गेले होते. उरलेल्या सगळ्या फाटकावर, त्या डब्यात. आता जाऊन त्यांच्याकडे मागायची कोणी, आणि कोणत्या तोंडाने? चारही बाया एकमेकींकडे पाहत राहिल्या. विमलताईंचा चेहरा उतरला. इतकं सगळं होऊन दूध थंडच राहणार असं त्यांना वाटलं.

तेव्हा खिडकीबाहेर लोखंडावर लोखंड वाजलं.

निशिगंधा खिडकीशी गेली. पुंडलिकराव भिंतीला हात टेकून उभे होते, धाप लागली होती. दोन बादल्या होत्या, ताज्या लाल रंगाच्या, काठोकाठ वाळूने भरलेल्या. एक त्यांनी डाव्या खुंटीला अडकवली होती. दुसरी दोन्ही हातांनी उचलून ते उजव्या खुंटीला अडकवत होते. स्वयंपाकघर कुठल्या खोलीत आहे हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. या खुंट्या तर कोणी दाखवल्याच नव्हत्या.

"बाबा..." ती म्हणाली.

विमलताई तिच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी बादल्या पाहिल्या, खुंट्या पाहिल्या, मग नवऱ्याकडे पाहिलं.

"तुमाले कोनं सांगतलं इथं म्हनून?"

"सांगाले कायले लागते?" पुंडलिकरावांनी उपरण्याने कपाळ पुसलं. "ह्या खुंट्या मीच ठोकल्या."

"कवा?"

"निशू आठ मयन्याची होती तवा."

 बसंतीबाईने खाली बसून घेतलं.

"तुमी तं झोपलेले राहत होते नं त्या टायमाले?" विमलताईंचा आवाज बारीक झाला होता.

"झोप येईन काय? आत चार बाया अन् पाच लेकरं, भिंतीच्या त्या अंगाले रुईचा ढीग. साडेदहाले येऊन उभा राहो. तुमचं दूध उतरलं का जाओ निजाले."

"पंधरा हिवाळे?"

"मोजले नाई."

"अन् मले एका शब्दानं बोलले नाई?"

"बोललो असतो तं तू बंद केलं असतं." त्यांनी लेकीकडे पाहिलं. "मंग हे पोट्टी काय पेली असती?"

निशिगंधाने दोन्ही हातांनी खिडकीची चौकट धरली. तिला रडू येत होतं आणि ती ते लपवतही नव्हती. एक काडी आत गेली नाही, हे वाक्य सांगताना या माणसाने आजवर किती वेळा नियम आणि बायको दोन्ही सांभाळले होते! आणि आता पाय थकले, बादल्या घेऊन रोज उभं राहता येणार नाही, म्हणून तो जाळच नको म्हणत होता. नकाशातल्या त्या प्रश्नचिन्हाचं उत्तर समोर उभं होतं, धापा टाकत.

पुंडलिकरावांनी सदऱ्याच्या खिशातून काड्यापेटी काढली आणि खिडकीतून आत धरली. बसंतीबाईचीच होती.

"घे. साडेदहा वाजून गेले."

विमलताईंनी काडी ओढली. शेगडी पेटली. निळा जाळ पातेल्याच्या बुडाशी पसरला आणि सगळ्या बाया ओट्याभोवती आल्या, पूर्वी विटांभोवती येत तशा. पुंडलिकराव बाहेरच उभे राहिले, दोन बादल्यांच्या मधोमध. दुधावर साय धरली, कडेने बुडबुडे आले, मग साय मधून फुगली आणि दूध वर चढू लागलं. पातेल्याच्या काठाशी आलं तसा विमलताईंचा हात सवयीने बटणाकडे गेला.

"जाऊ दे उतू," पुंडलिकराव खिडकीबाहेरून म्हणाले. "मी हावो इथं."

त्यांनी हात मागे घेतला. दूध काठावरून ओसंडलं, पातेल्यावरून ओघळत शेगडीवर आलं, चरचरलं, आणि जळक्या दुधाचा वास खोलीभर झाला. खिडकीतून तो बाहेरही गेला. कोकिळाने मुकादमाच्या नावाने एक कचकचीत शिवी हासडली आणि चौघी पोरींसारख्या हसत सुटल्या.

हसणं थांबल्यावर विमलताईंनी गॅस बंद केला. डोळे पदराने पुसून त्या खिडकीशी आल्या.

"बाहीर उभं राहनं लय झालं तुमचं. या आता आत."

पुंडलिकरावांनी शेगडीकडे पाहिलं. गॅस खरंच बंद आहे ना, याची खात्री करून घेतली. मग खिडकीच्या कठड्यावर राहिलेली काड्यापेटी उचलून त्यांनी आतल्या बाजूला, ओट्यावर, नीट सरळ करून ठेवली.

"थांब," ते म्हणाले. "बाज घेऊन येतो."